अ‍ॅक्शन कॅमेऱ्याचा एचडीआर मोड : पऱ्हाटीत चालू ठेवा, पटात बंद करा

राजेहो, आधीच सांगून ठेवतो, हा कोणत्या एका कंपनीच्या कॅमेऱ्याचा रिव्ह्यू नाही, त्यातल्या एचडीआर (हाय डायनॅमिक रेंज) मोडचा आहे, म्हणजे एकाच चित्रात भर ऊन आणि गडद सावली दोन्ही दिसावं म्हणून असते तो. कॅमेऱ्यांचे रिव्ह्यू पाहिजे तेवढे सापडतात पण निम्मे लडाखच्या रस्त्यावर आणि निम्मे गोव्याच्या पाण्यात शूट केलेले असतात, आपल्या इकडच्या वावरातल्या पऱ्हाटीत म्हणजे कापसात, गुरांच्या कोठ्यात, शंकरपटात म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीत हा मोड कसा चालते हे कोणी सांगत नाही. मी यवतमाळ जिल्ह्यातला, घरची शेती आहे आणि शेतीचेच व्हिडिओ बनवतो. एक अ‍ॅक्शन कॅमेरा (अंगावर, गाडीवर लावता येणारा छोटा कॅमेरा) माझा आणि दुसऱ्या कंपनीचा एक मामेभावाजवळ, दोन्ही आलटून पालटून वापरले, कापसाचा सीझन गेला, पटाचा सीझन गेला, उन्हाळाही निघाला, म्हणून आता बसून लिहून राहिलो.

आपल्या भागाले हा मोड इतर कोणाहीपेक्षा जास्त लागते असं माझं स्पष्ट मत आहे. कारण साधं आहे, खाली काळी जमीन आणि वर पांढरा फुटलेला कापूस, आणि त्यावर दिवाळीनंतरचं कोरडं स्वच्छ ऊन. कॅमेऱ्यासाठी याहून अवघड सीन नाही. कापूस बरोबर आला तर जमीन कोळशासारखी काळी होते, वेचणाऱ्या बाईचा पदराखालचा चेहरा तर दिसतच नाही, आणि चेहरा बरोबर आला की कापूस जळतो. जळतो म्हणजे तिथे नुसता पांढरा डाग राहते, आत काहीच नाही, नंतर एडिटिंगमध्ये किती खाली ओढा तिथून काही निघत नाही कारण कॅमेऱ्यानं ते रेकॉर्डच केलेलं नसते.

थोडं समजून घ्या हे होते कशानं, नाहीतर मोड कधी लावायचा ते कळणार नाही. फोटोवाले उजेडाचं माप स्टॉपमध्ये सांगतात, एक स्टॉप वाढला की उजेड दुप्पट. म्हणजे दोन स्टॉप म्हणजे चारपट, दहा स्टॉप म्हणजे १,०२४ पट. कॅमेरा एकाच वेळी सगळ्यात काळ्या आणि सगळ्यात उजळ जागेतला किती फरक धरू शकते ती त्याची डायनॅमिक रेंज. आता अ‍ॅक्शन कॅमेऱ्यात सेन्सर लहानच बसते, गोप्रोच्या हिरो १२ ब्लॅकमध्ये १/१.९ इंचाचा आहे, डीजेआयच्या ऑस्मो अ‍ॅक्शन ४ मध्ये १/१.३ इंचाचा, मोठ्या डीएसएलआरच्या मानानं हे दोन्ही लहानच, आणि लहान सेन्सरवरच्या लहान पिक्सेलमध्ये उजेड साठवायची जागा कमी, ती भरली की पांढरं झालं. एचडीआर मोड यावर उपाय असा काढते की एकाच सीनचे कमी आणि जास्त एक्स्पोजरचे (म्हणजे कमी आणि जास्त उजेड घेतलेले) फ्रेम घ्यायचे, कमीवाल्यातून कापूस आणि आभाळ उचलायचं, जास्तवाल्यातून सावली आणि जमीन उचलायची आणि दोन्ही मिळून एक चित्र करायचं. जे हलत नाही त्याच्यासाठी हे फार चांगलं काम करते. जे हलते त्याच्यासाठी काय होते ते पटाच्या वेळी सांगतो.

आता कापसाचंच घ्या. साध्या मोडमध्ये दुपारी बारा-एकच्या उन्हात फुटलेल्या बोंडाजवळ कॅमेरा नेला तर बोंड म्हणजे पांढरा गोळा दिसते. एचडीआर लावून तेच बोंड पाहिलं तर वाळलेल्या टरफलाची टोकं वेगळी दिसतात, प्रत्येक पाकळीतला कापूस वेगळा दिसते, सरकीचा फुगवटा कुठं आहे तो कळते, त्याले चिकटलेला वाळक्या पानाचा चुरा दिसते. आणि मेन गोष्ट, पिवळसर डाग दिसतात. ही काही नुसती शोभेची गोष्ट नाही भाऊ. बोंडअळीनं खाल्लेल्या बोंडातला कापूस डागी निघते, त्यालेच आपण कवडी म्हणतो, आणि भाव लावताना व्यापारी पहिले तेच पाहते. एकदा मी शेवटच्या वेचणीची क्लिप घरी बाबांना दाखवली, एक साधी आणि एक एचडीआरची, दोन्ही त्याच ओळीतली. साधी पाहून काही बोलले नाहीत. दुसरी लावली तं म्हणे, "थांब थांब, मागं घे. हा तं कवडीचा दिसून राहिला बे, यात अळी होती." मी म्हटलं बाबा दोन्ही एकाच तासातल्या आहेत. तर म्हणे, "मग पहिल्यात पांढराफट कसा होता? असा व्हिडिओ पाहून कोणी माल घेतला तं येऊन भांडन ना." बाबांचा हा मुद्दा मला एकदम पटला. तुम्ही मालाचा व्हिडिओ ग्रुपवर टाकत असाल, घेणाऱ्याले पाठवत असाल तर जळालेला पांढरा रंग माल आहे त्याहून चांगला दाखवते, एचडीआर त्याच्या जवळपास खरं दाखवते.

पण एक अट आहे, व्हाइट बॅलन्स (पांढरा रंग कसा धरायचा ती सेटिंग) ऑटोवर ठेवू नका. ऑटोमध्ये कॅमेरा काळी जमीन जास्त दिसली की एक रंग धरते, कापूस जास्त आला की दुसरा, चालता चालता पिवळं निळं होत राहते, मग डाग खरा की कॅमेऱ्याचा कसं सांगाल. ५५०० के वर लॉक करा, दिवसाच्या उन्हाले ते बरोबर बसते. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (चित्र उजळ-गडद करायची सेटिंग) उणे अर्ध्यावर ठेवा, एचडीआर चालू असला तरी, कारण मोड सावली उचलते चांगली पण एकदम भर उन्हातला पांढरा त्याच्याही हाताबाहेर जाऊ शकते. आणि शार्पनेस कमी करा. एचडीआरमध्ये प्रत्येक काडी, प्रत्येक ढेकूळ आधीच उठून दिसते, त्यात शार्पनेस हाय असला तर पऱ्हाटीच्या काड्यांच्या भोवती पांढऱ्या रेघा येतात, चित्र कागदावर कातरून चिकटवल्यासारखं दिसते. ते मला बिलकुल आवडत नाही.

संत्र्याच्या बागेतही फायदा आहे, वरुड-मोर्शीकडे मामाच्या बागेत आंबिया बहाराच्या वेळी चालत चालत शूट केलं तर झाडाखालची गडद सावली आणि फांद्यांमधून येणारे उन्हाचे ठिपके दोन्ही सांभाळले गेले. तिथं जास्त सांगण्यासारखं नाही, चांगलं येते.

कोठा ही दुसरी जागा जिथं हा मोड पैसे वसूल करते. कवेलूचा कोठा, आत अंधार, दाराबाहेर लख्ख ऊन. गाय दारात उभी असली की साध्या मोडमध्ये गाय काळी आणि अंगण पांढरं. एचडीआरमध्ये गायीच्या पाठीवरचे केस दिसतात, आतली गव्हाण दिसते आणि अंगणातली बंडीही दिसते. जनावराच्या अंगावरची गाठ, जखम, सूज डॉक्टरले फोनवर दाखवायची असेल तर हा मोड कामाचा आहे, लम्पीच्या साथीत लोकांनी असेच अंधारातले व्हिडिओ पाठवले होते आणि त्यात गाठ आहे का सावली तेच कळत नव्हतं. फक्त कोठ्यात एलईडी बल्ब लागलेला असेल तर अँटी फ्लिकर ५० हर्ट्झवर करा. आपल्या देशात विजेची लाइन ५० हर्ट्झची आहे, कॅमेरा बरेचदा ६० वर सेट होऊन येते. ५० केलं की फ्रेम रेट २५ आणि ५० असे येतात, घाबरू नका, तेच बरोबर आहे. एचडीआरमध्ये हे जास्त महत्त्वाचं आहे कारण कमी एक्स्पोजरवाल्या फ्रेमचा शटर फास्ट असते आणि स्वस्तातल्या एलईडीची उघडझाप त्याच्यात पट्ट्या होऊन दिसते. ५० करूनही पट्टे गेले नाहीत तर बल्ब बंद करा आणि दार पूर्ण उघडा, एचडीआर तेवढ्या उजेडात भागवते.

आता पट. २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाची बंदी आली होती, डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठानं कायदा कायम ठेवला, तेव्हापासून गावोगाव पट पुन्हा भरून राहिले, तळेगाव दशासरचा तर सगळ्यांना माहीतच आहे. आणि आता प्रत्येक पटात चार पोरं तरी अ‍ॅक्शन कॅमेरा घेऊन दिसतात, कोणी धुरकऱ्याच्या (जोडी हाकणाऱ्याच्या) छातीवर लावते, कोणी झेंड्याजवळ जमिनीवर ठेवते. माझं कळकळीचं सांगणं आहे, इथे एचडीआर बंद करा. जोडी सुटली की काही सेकंदात समोरून निघून जाते, त्या वेगात एका फ्रेममधला बैलाचा पाय आणि लगेच पुढच्या एक्स्पोजरमधला पाय एका जागी नसतेच, मग कॅमेरा दोन्ही जोडायला जाते आणि पायाची सावलीसारखी दुसरी कड तयार होते. शिंगांच्या टोकांना हे जास्त दिसते कारण मागं उजळ आभाळ असते. मोबाइलच्या लहान स्क्रीनवर चालून जाते, पण थांबवून पाहिलं, किंवा कोणती जोडी आधी पोचली यावर वाद झाला आणि फ्रेम फ्रेम पुढं न्यावी लागली, तर ती दुहेरी कड घातच करते.

दुसरं कारण स्लो मोशनचं. पटाची मजा स्लोमध्ये आहे, खूर जमिनीवर पडल्यावर माती कशी उडते, धुरकरी कसा वाकते, त्यासाठी सेकंदाले १२० फ्रेम तरी पाहिजे. एचडीआर व्हिडिओ तिथपर्यंत सहसा जात नाही, हिरो १२ ब्लॅकमध्येही एचडीआर ६० फ्रेमच्या वर जात नाही. म्हणजे एचडीआर आणि स्लो यापैकी एकच निवडा म्हणते कॅमेरा. पटात स्लो निवडा. आभाळ जळालं तर जळू द्या, पटात आभाळ कोण पाहून राहिलं. उलट सकाळच्या फेऱ्या असतील तर सूर्य पाठीमागे येईल अशी बाजू धरून उभे राहा, त्यानं एचडीआरपेक्षा जास्त फायदा होते आणि एक रुपया लागत नाही.

मात्र त्याच पटात फेऱ्यांच्या मधात, बैल झाडाखाली बांधले आहेत, मालक त्यांच्या अंगावरून हात फिरवून राहिला, झूल काढून राहिला, लिंबाच्या सावलीत माणसं बसली आहेत, अशा वेळी पुन्हा चालू करा. सावकाश हालचालीले काही अडचण नाही. कॅमेऱ्यात प्रीसेट बनवून ठेवता येतात, एक एचडीआरचा ४के २५, एक साधा १२० फ्रेमवाला, बोटानं सरकवलं की बदलते.

इथे एका गोंधळाबद्दल बोलावंच लागते, कारण दुकानदारही यात फसतात. कॅमेऱ्यात एचडीआर नावाच्या दोन वेगळ्या गोष्टी असतात. एक म्हणजे वर सांगितलं ते, जास्त रेंज पकडून साध्या व्हिडिओतच बसवून देणे. तो व्हिडिओ कोणत्याही मोबाइलवर, टीव्हीवर नीट दिसते. दुसरं म्हणजे एचएलजी एचडीआर, हा बीबीसी आणि जपानच्या एनएचकेनं मिळून टीव्ही प्रसारणासाठी काढलेला फॉरमॅट आहे, हिरो १३ ब्लॅकमध्ये तो आला. यात फाइलच १० बिटची असते. ८ बिटमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या, १० बिटमध्ये १,०२४, म्हणजे एकूण रंग सुमारे १.६७ कोटींवरून १०७ कोटींवर जातात. आभाळाच्या निळ्यात जे पट्टे पडतात ते १० बिटमध्ये जवळपास जातात. पण ही फाइल पाहायला एचडीआर स्क्रीन पाहिजे. युट्युब एचडीआर घेते, २०१६ पासून घेते, ज्याची स्क्रीन तशी आहे त्याले एचडीआर दाखवते आणि बाकीच्यांसाठी साधं करून देते. पण आपल्या गावात लोक व्हिडिओ पाहतात ग्रुपवर, दहा-बारा हजाराच्या मोबाइलवर. तिथं एचएलजीची फाइल तशीच टाकली तर रंग फिके, धुवून काढल्यासारखे दिसतात, हिरवी तूर राखाडी दिसते आणि लोक म्हणतात तुझा कॅमेरा खराब झाला का. म्हणून गावातल्या लोकांसाठी बनवत असाल तर एचएलजी आणि लॉग (फिक्या रंगात रेकॉर्ड करून नंतर एडिटिंगमध्ये रंग भरायचा मोड) दोन्ही बंद ठेवा. युट्युबसाठी बनवत असाल, एडिटिंग येत असेल आणि लॅपटॉप ताकदीचा असेल तरच चालू करा. जुन्या लॅपटॉपवर १० बिटची एचईव्हीसी (व्हिडिओ दाबून लहान करायच्या एका पद्धतीची) फाइल अडकत अडकत चालते, लाइन जायच्या आत काम उरकायचं असते आणि हे एकेका फ्रेमवर थांबून राहते, डोकं फिरते.

एक तिसरा रस्ताही आहे. मोठा सेन्सर असलेला कॅमेरा एचडीआर मोड न लावताच बरंच धरते. ऑस्मो अ‍ॅक्शन ५ प्रोची रेंज कंपनी १३.५ स्टॉप सांगते, म्हणजे हिशोबानं साडेअकरा हजार पटीच्या वर झालं. दावा कंपनीचा आहे तो कंपनीचाच धरा, पण १/१.३ इंचाच्या सेन्सरचा फरक डोळ्यांना दिसते, सावलीत दाणे (चित्रातले बारीक ठिपके) कमी येतात. आणि त्यात दोन फ्रेम जोडायची भानगड नाही म्हणून हलत्या गोष्टीले अडचण नाही. सेकंडहँड घेणाऱ्यांनी मात्र एक लक्षात ठेवा, २०१९ चा पहिला ऑस्मो अ‍ॅक्शन अजून स्वस्तात मिळते, त्यातही एचडीआर व्हिडिओ लिहिलेला आहे पण एचडीआर लावला की रॉकस्टेडी स्टॅबिलायझेशन (हादरे कमी करायची सोय) चालत नाही. ट्रॅक्टरच्या बोनेटवर लावणार असाल तर तो एचडीआर तुमच्या कामाचा नाही. ट्रायपॉडवर चालते.

फोटोचं थोडक्यात सांगतो कारण फोटोत एचडीआर बिनधास्त वापरा असं माझं म्हणणं आहे. घराच्या सपरीतून बाहेरचा फोटो, पोळ्याच्या दिवशी तोरणाखाली उभ्या असलेल्या सजवलेल्या जोड्यांचा फोटो, विहिरीत खाली वाकून काढलेला फोटो, सगळीकडे साध्यापेक्षा चांगला येते. विहिरीचा तर मोठाच फायदा, मोटार कुठं अडकली, पाणी कुठपर्यंत आहे, कोणता दगड सुटला हे वरून काढलेल्या एका फोटोत दिसते, साध्यात खाली नुसतं काळं भोक दिसते. कॅमेरा काठीले पक्का बांधा आणि फोटो निघेपर्यंत हलवू नका, प्रोसेसिंगले क्षणभर लागते. गोप्रोमध्ये एचडीआर फोटो निवडला की रॉ फाइल (कॅमेऱ्यानं न सुधारलेली मूळ फाइल) मिळत नाही, दोन्हीतलं एकच, ज्याले लाइटरूममध्ये बसून काम करायचं आहे त्यानं रॉ घ्यावा. बाकीच्यांनी एचडीआर.

गर्मीबद्दल कोणी विचारायच्या आधीच सांगतो. एचडीआरमध्ये कॅमेऱ्यातल्या प्रोसेसरले जास्त काम पडते, गरम जास्त होते, बॅटरी लवकर जाते. आणि आपला उन्हाळा म्हणजे अकोला, चंद्रपूर, नागपूर ४५ च्या वर, नवतप्यात तर दुपारी ट्रॅक्टरच्या पत्र्याले हात लागत नाही. ऑस्मो अ‍ॅक्शन ४ चं चालायचं तापमान कंपनी वरच्या टोकाले ४५ अंश लिहिते, आणि ते हवेचं, उन्हात ठेवलेल्या काळ्या डब्बीचं नाही. त्यामुळे मे महिन्यात एचडीआर लावून एका जागी उन्हात कॅमेरा सोडून देऊ नका. लहान लहान क्लिप घ्या, मधात बंद करा, ओल्या दुपट्ट्याखाली किंवा सावलीत ठेवा. चालत्या गाडीवर वारा लागते म्हणून चालून जाते, ट्रायपॉडवर थांबलेल्या कॅमेऱ्याले वारा कुठून लागन. कापसाच्या सीझनमध्ये, म्हणजे दसऱ्यापासून पुढं, ही अडचण जवळपास येतच नाही.

कार्ड व्ही३० लिहिलेलंच घ्या, सेकंदाले ३० एमबी लिहिण्याची ती हमी असते. १२० एमबीपीएसनं रेकॉर्डिंग केलं तर सेकंदाले १५ एमबी लागते, ६४ जीबीचं कार्ड सव्वा तासाच्या आत भरते, त्या हिशोबानं घ्या. कार्ड ओळखीच्या दुकानातून घ्या आणि तिथंच लॅपटॉपले लावून पूर्ण भरून पाहा, नकली कार्डांचा बाजार फार मोठा झाला, वर १२८ लिहून आत काहीच्या काही निघते.

संध्याकाळी सूर्य गेला की मोड बंद. उजेडच कमी आहे तर दोन टोकांत फरकही कमी, एचडीआरले करायले काम राहत नाही आणि सावली उचलायच्या नादात दाणे तेवढे वाढवते. आणि लेन्स पुसा, प्रत्येक वेळी पुसा. वेचणीत कापसाचा बारीक तंतू आणि मळणीत भुसा लेन्सवर बसते, सूर्यासमोर कॅमेरा गेला की त्याची पांढरी धुंद पूर्ण फ्रेमवर पसरते, ती सावलीतच जास्त दिसते, आणि एचडीआर सावली उचलते म्हणजे ती धुंदही उचलते. चष्म्याचं मऊ कापड खिशात ठेवा, दुपट्ट्यानं घासू नका, मातीचा कण असला तर काचेवर रेघ पडते.

ज्याच्याजवळ आधीच मागच्या तीन-चार वर्षांतला कॅमेरा आहे त्यानं फक्त एचडीआरसाठी नवीन घेऊ नये, त्यापेक्षा दुसरी बॅटरी आणि एक चांगलं कार्ड घ्यावं. ज्याले नवीनच घ्यायचा आहे आणि काम मुख्य शेतीचं, जनावरांचं, बागेचं आहे त्यानं एचडीआर असलेला बघावा. ज्याचं काम पटाचं, गाडीचं, पळापळीचं आहे त्यानं मोठा सेन्सर बघावा, एचडीआर आहे का नाही हा प्रश्नच विचारू नये. इन्स्टा३६० वाल्यांच्या एस प्रो २ मध्ये अ‍ॅक्टिव्ह एचडीआर नावाचा मोड आहे, तो हलत्या सीनसाठी म्हणून सांगतात आणि ४के मध्ये ६० फ्रेमपर्यंत चालते. आमच्या पंचक्रोशीत तो कोणाजवळ नाही. विदर्भात कोणी तो पटात लावला असेल तर न कापलेली, न रंगवलेली एक क्लिप दाखवा राजेहो, समोरून येणाऱ्या जोडीची, मागं आभाळ असलेली, मला शिंगांची टोकं पाहायची आहेत.